खरंच आजारी आहेस ना?

पावसाळा संपत आला की दोन तक्रारी वाढतात, डासांच्या आणि बॉसच्या. यावेळी दुसऱ्या प्रकारची पत्रं इतकी आलीत की अख्खं पान त्यांनाच दिलंय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे, वय २६, मूळची परभणीची, वाकडला पीजीत राहते. गेल्या महिन्यात मला डेंग्यू झाला, एनएस-वन ही डेंग्यूची रक्ततपासणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स १ लाख ७० हजारवरून ६२ हजारवर आल्या, आई रात्रीच्या गाडीने धावत आली. पहिल्याच दिवशी मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅप केला तर म्हणे थर्मामीटरचा फोटो टाक, टाकला. दुसऱ्या दिवशी म्हणे रात्री साडेअकराला ऑनलाइन दिसत होतीस, एवढा ताप असला की माणूस झोपतो ना. चौथ्या दिवशी ताप उतरला तसं मी त्याला कळवलं, तर लगेच "ग्रेट, मग उद्यापासून लॉगिन कर, शुक्रवारी डेमो आहे". डॉक्टरांनी तर अजून आठवडाभर आराम सांगितलेला. मग रागाच्या भरात मी सगळे रिपोर्ट टीमच्या ग्रुपवर टाकले. आता जॉइन झालेय तर सकाळच्या कॉलवर सगळ्यांसमोर "वेलकम बॅक, व्हेकेशन कसं झालं?" म्हणून हसला, बाकीचेही हसले, मी कॅमेरा बंद करून रडले. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे. एचआरकडे जाऊ की सोडून देऊ?

उत्तर : आधी तब्येत कशी आहे ते सांग. डेंग्यूनंतरचा थकवा कित्येकांना दोन-तीन आठवडे पुरतो, त्यामुळे जॉइन झालीस म्हणजे ठणठणीत झालीस असं तूही समजू नकोस आणि त्यालाही समजू देऊ नकोस. त्या माणसाची मुळात गफलत इथेच झालीये. ताप उतरला की माणूस बरा, हे सर्दी-पडशाचं गणित झालं. डेंग्यूत उलट ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तासच जास्त जपायचे असतात, प्लेटलेट्स बऱ्याचदा तेव्हाच तळाला जातात, पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त असलं काही सुरू झालं तर सरळ हॉस्पिटल. म्हणजे तो "उद्यापासून लॉगिन कर" म्हणाला तो नेमका न करण्याचा दिवस होता.

पण हे सगळं त्याला समजावत बसायचं का? माझं मत, अजिबात नाही. तू त्याला आजार पटवून द्यायला गेलीस आणि तिथेच फसलीस. थर्मामीटरचा फोटो मागितला, दिला. मग ऑनलाइन का होतीस, त्याचा खुलासा. मग रिपोर्ट, तेही ग्रुपवर. एक पुरावा दिला की पुढचा मागितला जातो, याला शेवट नाही, कारण ज्याला संशयच घ्यायचाय तो फोटो बघून म्हणेल थर्मामीटर गरम चहात बुडवला असेल. (हसू नकोस, शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेली आयडिया आहे ती, आणि तोही कधीतरी शाळेत होताच.)

आणि खरं सांगू का, "खरंच आजारी आहेस ना?" असं मॅनेजर विचारतो तेव्हा दहातल्या आठ वेळा त्याच्या डोक्यात "शुक्रवारचा डेमो कोण देणार?" हे चालू असतं. त्याच्या वरचा त्याच्या मानेवर बसलेला असतो. म्हणून त्याचं वागणं बरोबर ठरत नाही, पण तुला उत्तर कशाचं द्यायचंय ते कळतं. ताप किती, उलट्या किती, काल रात्री काय झालं, हे काही सांगायचं नाही. पुन्हा अशी वेळ आली तर मेसेज असा:

"सर, मला डेंग्यू झालाय, डॉक्टरांनी बुधवारपर्यंत विश्रांती सांगितलीये. सर्टिफिकेट पोर्टलवर टाकलंय. डेमोची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. मंगळवारी संध्याकाळी पुढचं कळवते, तोवर फोन बघणार नाही."

एवढंच. आणि हा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलास तरी मेलवरही टाक, एचआरला सीसीत ठेव, कारण व्हॉट्सअ‍ॅपचं उद्या कुणी म्हणेल मी पाहिलंच नाही. मंगळवारी संध्याकाळी म्हणालीस तर मंगळवारी संध्याकाळी खरंच कळव, कितीही कणकण असली तरी, हवं तर आईला टाइप करायला लाव. संशयाला सगळ्यात जास्त खतपाणी आजारापेक्षा गायब होण्याने मिळतं. आणि "माफ करा", "सॉरी सर", "खूप वाईट वाटतंय" हे तीनदा लिहू नकोस, वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवतेय.

फोटो मागितलाच तर "सर, सर्टिफिकेट पोर्टलवर आहे" हे एकच वाक्य परत पाठवायचं, तिसऱ्यांदा मागितला तरी हेच. लॅबचे रिपोर्ट टीमच्या ग्रुपवर कधीच नाही, तुझं रक्त हा टीमचा विषय नाहीये. मॅनेजरने सर्टिफिकेटवरच्या डॉक्टरांना फोन लावला तरी तुझ्या परवानगीशिवाय आजाराचा तपशील त्यांनी सांगायचा नसतो, वैद्यकीय परिषदेचे नियमच आहेत तसे.

रजेचं म्हणशील तर दुकानं-ऑफिसांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, त्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा पगारी आहेत आणि वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा, ती ४५ पर्यंत साठवता येते. त्यात आजारपणासाठी असा वेगळा रकाना नाही, म्हणजे तुमच्याकडे सिक लीव्ह जी काय आहे ती कंपनीच्या पॉलिसीने दिलेली. म्हणून ती पॉलिसी एकदा नीट वाच, किती दिवसांच्या पुढे सर्टिफिकेट लागतं, किती दिवसांत अपलोड करायचं. हे लोक वाचत नाहीत आणि मग "मी तर सांगितलं होतं" म्हणत बसतात. सर्टिफिकेट वेळेत पोर्टलवर गेलं असेल तर तुझं कागदोपत्री काम संपलं, मॅनेजरला पटलं की नाही हा त्याचा प्रश्न.

आता त्या व्हेकेशनच्या टोमण्याचं. सोडून देऊ नकोस, पण लगेच एचआरकडेही पळू नकोस. त्याच्याकडून दहा मिनिटं माग, एकट्याकडून, आणि म्हण, "सर, परवा सगळ्यांसमोर व्हेकेशन म्हणालात ते मला लागलं. मी आजारी होते, सर्टिफिकेट दिलंय. पुढे कधी शंका आली तर मला एकटीला विचारा." आणि मग गप्प बस. तो "अगं मी गंमत केली" म्हणेल, तर "ठीक आहे सर" म्हण आणि उठ, गप्प बसवत नाही म्हणून आपणच "नाही नाही तसं काही नाही" म्हणायला जाऊ नकोस, आपल्या मुलींना ती फार वाईट सवय असते. बाहेर आल्यावर दोन ओळींचा मेल, "आज बोललो त्याबद्दल थँक्स, आजारपणाच्या रजेचं सर्टिफिकेट सोबत परत जोडतेय." झाली नोंद. यानंतर परत तेच झालं, किंवा अप्रेझलमध्ये "अव्हेलेबिलिटी" वगैरे शब्द घालून या रजेचे मार्क कापले, तर मग एचआर, आणि तेव्हा फोटो मागितल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तुझ्याकडे असतील. ते आजच काढून स्वतःच्या मेलवर ठेव.

प्रश्न : चाकणला सीएनसी मशीनवर आहे. पगार १८ हजार, ईएसआय (कामगार विमा) कापतात. कंबरेत गॅप आलाय म्हणून गावच्या डॉक्टरांनी १५ दिवस सांगितले. सुपरवायझर म्हणतो असली सर्टिफिकेटं शंभर रुपयात मिळतात, नाटकं बंद कर नाहीतर बिनपगारी. ताई काय करू, घरचा हप्ता आहे.

उत्तर : दादा, तुमच्या केसमध्ये सुपरवायझरला पटवण्याची फारशी गरजच नाही, कारण आजारपणाचे पैसे त्याच्या हातातून येतच नाहीत. पगाराची स्लिप काढून बघा, १८ हजारावर पाऊण टक्क्याने १३५ रुपये तुमचे जातात, कंपनी सव्वातीन टक्क्याने ५८५ भरते. २१ हजारापर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना आहे आणि आजारपणात रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, ईएसआय महामंडळ देतं, थेट खात्यात. अट अशी की त्याआधीच्या सहा महिन्यांच्या हप्ता-काळात किमान ७८ दिवसांचा ईएसआयचा हप्ता भरलेला हवा. सुरुवातीचे दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत, ते गेले म्हणायचे.

पण यासाठी सर्टिफिकेट ईएसआयच्या दवाखान्याचं किंवा त्यांच्या डॉक्टरचं लागतं, गावच्या डॉक्टरांचं एकटं चालणार नाही, त्यामुळे सुपरवायझर उद्धट बोलला असला तरी तेवढ्यापुरता मुद्दा खोडून काढता येत नाही. उद्याच जा, कार्ड आणि गावच्या डॉक्टरांचे कागद, एमआरआय असेल तर तो, सगळं घेऊन. लोक इथेच चुकतात, आठ दिवस घरी शेक घेत पडतात आणि मग मागच्या तारखेचं मागायला जातात, ते मिळायला फार त्रास होतो. रांग असते, कंबर धरून उभं राहावं लागतं, माहितीये मला, बरोबर कुणाला तरी न्या. सर्टिफिकेटची एक कॉपी टाइम ऑफिसला देऊन दुसरीवर पोच घ्या, सुपरवायझरच्या हातात ओरिजिनल देऊ नका. पैसे अडले तर तुमच्या भागातलं ईएसआयचं शाखा कार्यालय गाठा. कामावर परत जाताना फिटनेस सर्टिफिकेटही तिथूनच घ्या आणि वजन उचलायचं नाही असं डॉक्टर म्हणाले तर ते त्यावर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं शॉपफ्लोअरवर कुणी ऐकत नाही.

प्रश्न : आमच्याही बाजूने लिहा की. नाशिकला माझा छपाईचा व्यवसाय आहे. एक मुलगा दर सोमवारी आजारी. कधी पोट, कधी डोकं. मी त्याच्या घरी माणूस पाठवून बघू का?

उत्तर : नका पाठवू. त्याचं खोटं सापडलं तरी तुमची लाज जाईल आणि खरंच झोपलेला सापडला तर दुकानातल्या बाकीच्या पोरांचा विश्वासही जाईल. हजेरीचा मस्टर काढा, गेल्या सहा महिन्यांतले सोमवार त्याच्यासमोर ठेवा आणि आजाराबद्दल एक अक्षर न काढता विचारा, "सोमवारीच का होतंय रे हे, रविवारी काय असतं?" दारू असू शकते, हो. पण रविवारी रात्रीचं दुसरं काम असू शकतं, आईचं डायलिसिस असू शकतं, आणि सोमवारी येणारा मशीनमन त्याला त्रास देत असेल हेही बघा. उत्तर मिळालं तर सोमवारी सुट्टी आणि बदल्यात रविवारी काम, असा काहीतरी व्यवहार बसतो. नाहीच मिळालं तर यापुढे प्रत्येक आजारपणाला सर्टिफिकेट, असा नियम लेखी करा, पण सगळ्यांना लावा, एकट्याला नाही. डॉक्टरांनी दिलेल्या सर्टिफिकेटची नोंद त्यांच्या रजिस्टरला ठेवायची असते, खोटं दिलं तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते, तेव्हा दर आठवड्याला नवा कागद मिळवणं वाटतं तेवढं सोपं नसतं.

आणि डिसेंबरात सगळेच आजारी पडायला लागले तर चिडू नका. नैमित्तिक रजा वर्षाअखेर लॅप्स होतात, त्यामुळे ती साथ दरवर्षीच येते. नोव्हेंबरातच शिल्लक किती ते विचारून वाटून घ्या.

प्रश्न : ताई, सिक लीव्ह टाकून मावसभावाच्या हळदीला गेलो, कुणीतरी फोटोत टॅग केलं, बॉसने लाइक केलंय. काय सांगू?

उत्तर : खरं सांग, आजच, त्याने विचारायच्या आधी. यात बॉस संशयी नाहीये रे, बरोबर आहे. आत जा, "सर, मी आजारी नव्हतो, हळद होती, रजा मागितली असती तर मिळेल की नाही अशी भीती वाटली" एवढं म्हण. आजी वारली वगैरे नवीन काही जोडू नकोस. आणि तो दिवस सिक लीव्हमधून काढून पीएलमध्ये (अर्जित रजेत) टाकायला एचआरला स्वतःच मेल कर.