कुत्र्याचे निमित्त

प्रश्न : एका इंग्रजी कादंबरीतील पात्र रंगात आलेल्या गप्पांतून उठते, 'आय हॅव टु सी अ मॅन अबाउट अ डॉग' एवढेच म्हणते आणि निघून जाते. पुढे कादंबरीत ना तो माणूस येतो, ना कुत्रा. या वाक्याचा अर्थ काय आणि ते आले कोठून?

उत्तर : तो कुत्रा आपल्याला शेवटच्या पानापर्यंत सापडणार नव्हताच. 'कुत्र्यासंबंधी एका माणसाला भेटायचे आहे' असा शब्दार्थ असला, तरी हे वाक्य म्हणजे निघताना पुढे केलेली सबब असते. स्वच्छतागृहात जायचे असो, पेलाभर मद्य घ्यायचे असो किंवा नकोशा माणसाच्या तावडीतून सुटायचे असो, खरे कारण सांगण्याची इच्छा नसली की ते उच्चारले जाते. सबब खोटी आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणूनच 'कोणता कुत्रा?' असे कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर तो विचारणाऱ्याचा भाबडेपणा ठरतो. मित्रमंडळीत हे चालते, औपचारिक बैठकीतून उठताना मात्र शोभत नाही.

छापील उल्लेखांपैकी सर्वांत प्रसिद्ध उल्लेख १८६६ सालचा आहे. डब्लिनमध्ये जन्मलेले नाटककार डायन बूसिको यांच्या 'फ्लाइंग स्कड' या नाटकातील एक पात्र अडचणीच्या प्रसंगातून काढता पाय घेताना मिस्टर क्वेल यांची क्षमा मागते, थांबता येणार नसल्याचे सांगते आणि हेच कारण देते. गंमत अशी की नाटक घोड्यांच्या शर्यतीचे आहे आणि फ्लाइंग स्कड हे घोड्याचे नाव आहे. हे वाक्य तेथे ज्या सहजतेने येते, त्यावरून ते त्याआधीच बोलण्यात रुळलेले असावे, असे मला वाटते. पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात, जेव्हा मद्याची निर्मिती, विक्री आणि वाहतूक बेकायदा होती, तेव्हा चोरून दारू प्यायला किंवा आणायला निघालेल्यांना ही सबब फार सोयीची ठरली.

ग्रेहाउंड शर्यतींवर पैज लावायला जाणाऱ्यांनी हा वाक्प्रचार घडवला, असे पुष्कळदा सांगितले जाते. यांत्रिक सशामागे कुत्रे धावण्याच्या ज्या शर्यती आपल्या डोळ्यांसमोर येतात, त्यांच्याबाबत तरी हे शक्य नाही. ब्रिटनमध्ये त्या १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे सुरू झाल्या, म्हणजे बूसिकोंच्या नाटकानंतर तब्बल साठ वर्षांनी. खऱ्या सशांमागे कुत्रे सोडण्याचा खेळ त्याहून जुना आहे हे खरे, परंतु केवळ तेवढ्यावरून नाते जुळत नाही. माझ्या मते मुळाशी एखादा विशिष्ट कुत्रा शोधण्याचा खटाटोपच व्यर्थ आहे, कारण काही जण या वाक्यात कुत्र्याऐवजी घोडा घालतात आणि त्याने अर्थात तसूभरही फरक पडत नाही.