परार्ध : पूजेतला आणि लीलावतीतला

भुसावळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्प सोडताना “ब्रह्मणो द्वितीये परार्धे” म्हणतात. शाळेत मात्र परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये असं पाठ केलं होतं. मग तेवढी वर्षं सरली, असा अर्थ घ्यायचा का?’

घ्यायचा नाही. शब्द एकच असला तरी हिशेब दोन आहेत.

पूर्वार्ध, उत्तरार्ध आपण रोज वापरतो. परार्ध त्याच घराण्यातला. पुराणांत ‘पर’ म्हणजे ब्रह्मदेवाचं पूर्ण आयुष्य, शंभर वर्षांचं, आणि परार्ध म्हणजे त्यातली पन्नास. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, रात्रही तेवढीच. अहोरात्रीचे ८६४ कोटी गुणिले ३६० गुणिले ५० केलं की १५,५५२ वर दहा शून्ये येतात. गुरुजींचा परार्ध हा एवढा.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतला (११५०) परार्ध निव्वळ स्थानाचं नाव आहे : एक, दश, शत असं दहादहापटीनं चढत गेलं की अठरावं स्थान. तो पहिल्याच्या सुमारे ६४३ पट मोठा. इथे ‘अर्ध’ कशाचा, ते शोधू नये. यादीत पुढे ‘पर’ नाहीच. गंमत म्हणजे त्या यादीत ‘अन्त्य’ आधी येतो आणि ‘मध्य’ नंतर!

दोन्ही संख्यांचा स्वभावही वेगळा. लीलावतीतल्या परार्धाच्या अवयवांत दोन आणि पाच सोडून तिसरं कोणी नाही : सतरा वेळा दोन, सतरा वेळा पाच. त्यामुळे त्याला निःशेष भाग जाणारे विभाजक बरोबर ३२४. नऊनं भागलं तर बाकी एक. पूजेतल्या परार्धात तीनही शिरतो, तोही पाच वेळा, म्हणून त्याला नऊनं पुरता भाग जातो. अंकांची बेरीज करून पाहा, १८ येते. सतरा ही विषम संख्या असल्यामुळे लीलावतीतला परार्ध पूर्ण वर्ग नाही. पण त्याच्या अलीकडचा मध्य हा अर्बुदाचा, म्हणजे दहा कोटींचा, वर्ग आहे, आणि अर्बुदाला अब्जानं गुणलं की परार्ध. मला तरी ही जोडणी फार आवडते.

चाळीसगावजवळच्या पाटणला कोणी गेलं, तर तिथला शिलालेख जरूर पाहावा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची ती नोंद, १२०७ची.

जाता जाता रावेरकडच्या मंडळींसाठी : बऱ्हाणपूरच्या बाजूचा हिंदी ‘खरब’ आणि आपला ‘खर्व’ एक धरू नका. खर्व म्हणजे हजार कोटी. खरब त्याच्या दहापट, म्हणजे आपला निखर्व.