प्रश्न: येशू पूर्ण निष्पाप होता, मग त्याचा आदर्श माझ्यासारख्या रोज चुकणाऱ्या माणसाच्या काय कामाचा?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा होऊन दीड वर्ष झालं, येशूसारखं जगायचं ठरवलं आणि तेव्हापासून रोज रात्री दिवसभराच्या चुका वहीत मांडता. दुसरी वही भरत आलीय आणि आता वाटतं, आदर्श इतका निर्दोष असेल तर तो देवालाच लखलाभ.

मी जालना जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत सव्वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण हस्ताक्षर शिकवलंय. तुमच्या प्रश्नाला तेच जास्त कामी येईल.

येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, आपण पावलावर पाऊल ठेवून चालावं म्हणून ख्रिस्ताने ‘कित्ता’ घालून दिला, असं आपल्या मराठी बायबलात आहे. हा शब्द ज्यांना सुचला त्यांचं मला फार कौतुक वाटतं. मूळ ग्रीक शब्द ‘हुपोग्राम्मोस’, म्हणजे लेकरांनी गिरवावीत म्हणून लिहून दिलेली अक्षरं. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी आलाय.

आता कित्त्याच्या पानावर काय होतं ते सांगते. वर एक छापील ओळ, खाली सात-आठ रिकाम्या. पहिली ओळ लेकरू वर बघून काढतं, बरी येते. दुसऱ्या ओळीपासून त्याची नजर वर जातच नाही. डोळ्यांसमोर स्वतःचीच ओळ असते, तिच्यावरून ते पुढची काढतं. पहिल्या ओळीत ‘क’ जरा चपटा झाला असेल तर शेवटच्या ओळीत तो ‘क’ राहत नाही, काहीतरी वेगळंच होतं. दर वर्षी, दर वर्गात हेच. मी पट्टीने मधल्या ओळी झाकायची आणि म्हणायची, वर बघ. लेकरांना सोपं जावं म्हणून छापील ओळच जराशी वाकडी काढावी, असं मात्र एकाही मास्तराच्या डोक्यात येणार नाही.

तुमची वही म्हणजे त्या मधल्या ओळी आहेत. तुम्ही रोज रात्री स्वतःचंच अक्षर बघत बसता.

माणसांच्याही मधल्या ओळी होतात. आमच्या आजीला आदर्श म्हटलं की नारायण शेषाद्री आठवायचे. ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवून मांग-महार कुटुंबांबरोबर काम केलेले. मोठा माणूस, शंकाच नाही. पण तिच्या तोंडून ‘शेषाद्रीसाहेब असते तर’ हे इतकं ऐकलं की लहानपणी मला येशूपेक्षा त्यांचीच भीती जास्त वाटायची. प्रेषित पौलही त्याच्या पत्रात म्हणतो, माझं अनुकरण करा. पण लगेच जोडतो, जसा मी ख्रिस्ताचं करतो तसं.

आणि कित्त्यात नसलेली अक्षरंही आपण घुसडतो. रागवायचं नाही, रडायचं नाही, घाबरायचं नाही. येशू मंदिरात चांगलाच रागावला, मित्र लाजराच्या कबरेपाशी रडला आणि पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत ‘हा प्याला टळो’, म्हणजे हे दुःख टळो, असं म्हणाला. पेत्राने त्या ठिकाणी नेमकं काय गिरवायला सांगितलंय ते बघा: शिव्या खाल्ल्या तरी उलट शिव्या दिल्या नाहीत, छळ झाला तरी धमकावलं नाही. हे त्याने कठोर मालकांच्या घरी राबणाऱ्या दासांना लिहिलं होतं. म्हणून इथे जपून. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हेच वचन दाखवून ‘सोस बाई’ म्हणणारे मी पाहिलेत, आणि मला त्यांची चीड येते. महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने विचारलं होतं, मी बरोबर बोललो तर मला का मारतोस? उलट हात उचलला नाही, पण मुकाटही बसला नाही. तेही कित्त्यातच आहे.

माझी स्वतःची ओळ किती वाकडी ते सांगते. २०१३ चा उन्हाळा, आमच्याकडे मोसंबीच्या बागा वाळून चालल्या होत्या. टँकर आला आणि शेजारणीने माझा ड्रम बाजूला सरकवून आपला लावला. मी चारचौघांत तिच्या नवऱ्याच्या कर्जाचा विषय काढला. पाण्याशी त्याचा काय संबंध? काही नाही, दुखेल एवढंच ठाऊक होतं. त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, हे मत्तयातलं वचन मला पाठ. तरी उठले नाही, भाकर घेतली. तिच्या दारात जायला अकरा दिवस लागले. तिने ‘बसा’ म्हटलं नाही, उंबऱ्यातच ऐकून घेतलं. अजूनही आमचं बोलणं बेताचंच आहे.

हे शाळेत एका बाईंना सांगितलं तर त्यांनी पैठणच्या नाथांची गोष्ट काढली. गोदावरीत स्नान करून येताना एकजण अंगावर थुंकत राहिला आणि नाथ एकशे आठ वेळा परत नदीवर गेले. मी म्हटलं, बाई, त्या गोष्टीत माझी जागा बहुतेक वेळा थुंकणाऱ्याकडे निघते. त्या हसल्या. म्हणाल्या, शेवटी पाय धरले ते त्यानेच की.

कित्त्याचं हे पत्र पेत्राच्या नावावर आहे, हेही विसरू नका. येशूला पकडून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणालेला पेत्र. पुढे अंत्युखिया शहरातही तो लोकांना भिऊन कचरला आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानानंतरही त्याचं पान स्वच्छ नव्हतं.

तेव्हा वही महिनाभर कपाटात ठेवा. कुणाचं काही बिघडवलं असेल तर ते लिहून ठेवू नका, त्याच्या घरी जा. रात्रीच्या त्या वेळात बायबलातलं मार्काचं शुभवर्तमान वाचा, सोळाच अध्याय आहेत. रोज एकच प्रसंग, आणि येशू माणसांशी कसा वागतोय तेवढंच बघायचं. स्वतःचं नाव मध्ये आणायचं नाही. पहिले काही दिवस जड जाईल, वहीची सवय लागलीय तुम्हाला.