एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकली आहे, डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की कंबरेपेक्षा पाय जास्त ठणकतो, एमआरआयमध्ये नस दबलेली दिसते आणि या सगळ्याला पाच आठवडे झालेत. मी डॉक्टर नाही. याच जागेचं ऑपरेशन झालेली, आणि त्याआधी तीन महिने ‘करू की नको’ यात घालवलेली पेशंट आहे.

मला उशिरा कळलेली गोष्ट आधी सांगते: हे ऑपरेशन पायासाठी असतं, कंबरेसाठी नाही. गादीचं बाहेरचं कडं फाटतं, आतला मऊ गर बाहेर येतो आणि पायात उतरणाऱ्या नसेवर बसतो. सर्जन तेवढा बाहेर आलेला तुकडा काढतात. गादी जुनी ती जुनीच राहते. म्हणून पायातली कळ बहुतेकांची जाते, कंबर मात्र अधूनमधून कुरकुरत राहू शकते. नुसत्या कंबरदुखीसाठी हे करून घेतलं तर पदरी निराशा पडायचीच शक्यता जास्त.

रिपोर्टमधल्या शब्दांना भिऊ नका. १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. निर्णय पायावरून घ्यायचा, फिल्मवरून नाही.

आणि पाच आठवडे म्हणजे फार नाहीत. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं, मोठा तुटलेला तुकडासुद्धा. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे जोरदार सायटिका (नस दबून पायात उतरणारी कळ) असलेल्या २८३ जणांवर एक अभ्यास झाला, तो २००७ साली छापून आला. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला, पण वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र शेवटी ऑपरेशन लागलंच. म्हणजे बऱ्याचदा प्रश्न एवढाच असतो की कळ आणखी किती दिवस सोसवेल.

माझ्या बाबतीत तो प्रश्न चपलेने सोडवला. घरात चालताना डावी चप्पल पायातून निसटायची आणि मला पत्ताच नसायचा. डॉक्टरांनी टाचांवर चालायला सांगितलं, तर डावा चवडा फटकन फरशीवर आपटला. मग त्यांनी एका बोटाने माझा अंगठा दाबून धरला आणि ‘वर उचला’ म्हणाले. उजवा उचलला. डावा हललासुद्धा नाही. नुसतं दुखत असेल तर थांबता येतं, अशी कमजोरी वाढत चालली असेल तर थांबून चालत नाही.

मायक्रोडिस्केक्टॉमी झाली: पालथं झोपवून इंचभर चीर, मायक्रोस्कोपखाली काम. संध्याकाळी कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठले आणि पायात कळ नव्हती. अंगठ्याची ताकद यायला चार महिने लागले, वरचा बधिरपणा थोडा अजून आहे. तीच गादी पुन्हा सरकण्याचा धोका शंभरात पाच ते पंधरा जणांना असतो, हे आधीच धरून चाला.

दुर्बिणीने की मायक्रोस्कोपने, यात फार डोकं घालू नका. सर्जनचा हात ज्यात बसलाय ते करू द्या. पण पहिल्याच वेळी मणके जोडायला स्क्रू-रॉड घालायचं म्हणाले, तर ‘मणका अस्थिर आहे का?’ एवढं नक्की विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

लघवी अडकली किंवा झालेली कळली नाही, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच रात्री इमर्जन्सी गाठा. तिथे तास मोजायचे असतात.

आज अनवाणी टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. एक पाय मागे पडला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.