सिकुलुस आणि सिकिलिएन्सिस: सिसिलीच्या माणसाला लॅटिनमध्ये काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंत की डिओडोरस सिकुलुस या इतिहासकाराच्या नावातलं सिकुलुस म्हणजे 'सिसिलीचा', मग डिक्शनरीत सिकिलिएन्सिस हा दुसरा शब्द कशाला, आणि त्रिनाक्रिया हे त्याच बेटाचं नाव का. प्रश्न मस्त आहे आणि थोडक्यात सांगून भागणार नाही.

बेटाचं रोजच्या वापरातलं नाव सिकिलिआ (जुन्या रोमन उच्चारात 'क', आजचे इटालियन लोक सिचिलिया म्हणतात). तिथला माणूस सिकुलुस, बाई सिकुला, अनेकवचन सिकुली. माणसासाठी डोळे झाकून हाच शब्द वापरा.

सिकिलिएन्सिस म्हणजे सिसिलीशी संबंध असलेलं, पण त्या मातीतलं असेलच असं नाही. रोमन वक्ता सिसेरोचं उदाहरण बघा, तो मूळचा इटलीतल्या आर्पिनुमचा, इ.स.पू. 75 मध्ये क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) म्हणून सिसिलीत लिलिबेउम या शहरात नेमला गेला, आणि पुढे 'ब्रुटुस' या पुस्तकात त्या वर्षाबद्दल लिहिताना त्याने 'सिकिलिएन्सिस आन्नुस' म्हटलंय, म्हणजे सिसिलीतलं वर्ष. आणि इ.स.पू. 70 मध्ये वेरेस या लुटारू गव्हर्नरविरुद्ध त्याने खटला चालवला तेव्हा ज्यांची बाजू मांडली ते तिथले लोक मात्र त्याच्या भाषणांत सिकुलीच आहेत. सार्डिनियाचंही तसंच, माणूस सार्दुस, पण रोमन चरित्रकार नेपोसने केटो या रोमन मुत्सद्द्याच्या चरित्रात सार्डिनियावरच्या विजयाच्या मिरवणुकीला सार्दिनिएन्सिस म्हटलंय, कारण मिरवणूक रोमची, सार्डिनिया फक्त निमित्त.

हा फरक सगळ्यात छान रोमन कवी मार्शलने दाखवलाय, बेटाबद्दल नाही तर स्पेनबद्दल. म्हातारपणी तो रोम सोडून स्पेनमधल्या आपल्या गावी परतला आणि बाराव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहितो की मी रोमला 'हिस्पानिएन्सिस' पुस्तक पाठवण्याऐवजी 'हिस्पानुस' पुस्तक पाठवतोय की काय अशी भीती वाटते. आपल्याकडे 'महाराष्ट्रात लिहिलेलं पुस्तक' आणि 'मराठी पुस्तक' यात जो फरक आहे तोच हा. पुस्तक स्पेनमध्ये लिहिलं गेलं हे त्याला चालणार होतं, पण त्याच्या लॅटिनला स्पॅनिश वास यायला नको होता.

आता सिकुली मुळात कोण? ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो की बेटाचं आधीचं नाव त्रिनाक्रिया, मग सिकानी लोकांवरून सिकानिया, आणि नंतर इटलीतून सिकेल लोक (लॅटिनमध्ये सिकुली) आले त्यांच्यावरून आजचं नाव पडलं. इ.स.पू. आठव्या शतकात ग्रीक येऊन वसले आणि ग्रीक भाषेने काटेकोर भेद केला: मूळचा तो सिकेलोस, ग्रीक वसाहतवाला तो सिकेलिओतेस. लॅटिनने हा भेद सरसकट सोडून दिला, दोघंही सिकुलुस. त्यामुळे ग्रीकमध्ये लिहिणारा डिओडोरससुद्धा सिकुलुस. मला स्वतःला हे नुकसान वाटतं, कारण एका शब्दात दोन समाज असे गडप झाले की लॅटिन वाचणाऱ्याला कळतच नाही इथे नक्की कोणाबद्दल चाललंय.

मग कवी लोक सरळ सिकिलिआ सोडून सिकानिया नि त्रिनाक्रिया का लिहितात? याचं एक मोठं कारण वृत्त, आणि लघु-गुरू माहीत असलेल्या मराठी वाचकाला ते लगेच कळेल. हेक्झामीटर या लॅटिन महाकाव्यांच्या वृत्तात गण एकतर गुरू-लघु-लघु (आपला 'भ' गण) नाहीतर गुरू-गुरू, म्हणजे लागोपाठ दोनच्या वर लघु येऊच शकत नाहीत. आणि सि-कि-लि-आ चं रूप कुठल्याही विभक्तीत घ्या, पहिली तीन अक्षरं लघुच. बसतच नाही! त्रिनाक्रियात पहिली दोन गुरू धरता येतात, मग दोन लघु, एकदम चपखल, आणि रोमन कवी व्हर्जिल सिसिलीतल्या एटना पर्वताला त्रिनाक्रिया हे विशेषण लावतो ते अगदी असंच बसतं. त्याच्या चौथ्या गोपगीताची सुरुवात 'सिकेलिदेस मूसाए', म्हणजे सिसिलीच्या काव्यदेवींनो, अशी आहे, तिथे त्याने ग्रीक धर्तीवर 'सी' दीर्घ करून घेतलाय. दुसरा रोमन कवी होरेस आणखी वेगळा, तो त्रिक्वेत्रा म्हणतो, त्रिकोणी.

त्रिनाक्रियाचा अर्थ प्राचीन लोक 'तीन टोकांचं' असा लावायचे, तीन भूशिरं म्हणून. आजच्या सिसिलीच्या झेंड्यावर मधे मेडुसाचं डोकं नि भोवती तीन पाय दिसतात ते हेच. पण हे नाव फक्त कवितेपुरतं राहिलं नाही. 1302 च्या काल्ताबेलोत्ताच्या तहात बेटावर राज्य करणाऱ्या फ्रेडरिकला 'त्रिनाक्रियाचा राजा' म्हणवून घ्यायला लागलं, कारण 'सिसिलीचा राजा' ही पदवी नेपल्सच्या राजाने सोडली नव्हती, ज्याच्या ताब्यात सिसिली बेट नव्हतंच! 1816 मधलं 'दोन सिसिलींचं राज्य' हे विचित्र नाव याच भांडणाची शेपटी.

आणि एक क्रियापद सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोमन नाटककार प्लाउटुसच्या 'मेनाएख्मी' नाटकाच्या सुरुवातीला सांगितलंय की कथा ग्रीक वळणाची आहे, पण अथेन्सच्या वळणाची नाही, तर 'सिकिलिकिस्सितात', म्हणजे सिसिलीच्या थाटात चालते. नाटकातले जुळे भाऊ सिसिलीतल्या सिराक्यूज शहराचे, म्हणून.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, सिसिलीतल्या पालेर्मो शहराच्या मैत्रिणीला वाढदिवसाच्या कार्डावर लॅटिनमध्ये काय लिहायचं: सिकुला लिहा. शहराचंच नाव हवं असेल तर पानोर्मिताना, कारण पालेर्मोचं लॅटिन नाव पानोर्मुस.