सेकंड हँड सीएनसी राउटर घ्यावा का? टोकन द्यायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की वागळे इस्टेटला गाळा आहे, वॉर्डरोब आणि किचनचं काम करता, कटिंग टेबल सॉवर आणि जाळी बाहेरून करून आणता, आणि तुर्भ्याला एकजण २०१७ ची १३२५ साईजची सीएनसी राउटर मशीन (कॉम्प्युटरच्या फाईलप्रमाणे बोर्ड कापणारी, कोरणारी) विकतोय, तीन किलोवॅटचा वॉटर कूल स्पिंडल (बिट फिरवणारी, पाण्याने गार होणारी मोटर), टी-स्लॉट बेड (क्लॅम्प अडकवायच्या खाचा असलेलं टेबल), जुन्या पीसीवर एनसीस्टुडिओ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), सांगतोय पावणेतीन लाख.

माझं मत आधीच सांगतो, पावणेतीनला नको. दोनच्या आत येत असेल आणि खाली लिहिलेलं सगळं बघून झालं तर विचार करा, आणि तेही जाळी, एमडीएफ डिझाईन, मंदिराचे दरवाजे असल्या कामासाठी. वॉर्डरोबसाठी घेत असाल तर ही ती मशीन नाहीच. मी रबाळ्याला राउटरवर जॉबवर्क करतो, सुरुवात सेकंड हँडवरच केली, त्यामुळे जुन्या मशीनला माझा विरोध वगैरे काही नाही.

वॉर्डरोबला का नाही ते सांगतो. १३२५ म्हणजे १३०० बाय २५०० चा बेड, आठ बाय चारचा बोर्ड त्यावर आरामात बसतो, तिथपर्यंत ठीक. पण टी-स्लॉटला तुम्ही क्लॅम्प लावणार कडेला, आणि मधला पीस कापून सुटला की तो हलणार, मग एकतर स्क्रू मारत बसा नाहीतर टॅब (पीस धरून ठेवणारे न कापलेले तुकडे) सोडून नंतर हाताने घासत बसा, आणि प्रीलॅमची (लॅमिनेट लावूनच येणाऱ्या बोर्डची) कड घासली की तिचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पॅनेल नेस्टिंग (एका बोर्डवर सगळे पीस मांडून कापणं) करायचं तर व्हॅक्युम बेड, म्हणजे हवा ओढून बोर्ड धरणारं टेबल पाहिजे, त्याला वेगळा पंप, आणि स्पिंडल पण जरा दमाचा, कारण १८ एमएमचा बोर्ड दिवसभर तीन किलोवॅटवर कापायचा म्हणजे पास वाढवत जा आणि वेळ घालवत जा. सरळ चौकोनी पॅनेल तर स्लायडिंग पॅनेल सॉ जास्त पटापट काढतो. राउटरचा खरा फायदा कुठे, तर बिजागराची ३५ एमएमची भोकं, मिनीफिक्सची (पॅनेल जोडायच्या फिटिंगची) भोकं, खाचा हे सगळं कटिंगबरोबर एकाच सेटिंगमध्ये होतं तिथे. तुमच्याकडे एजबँडिंग मशीन (बोर्डच्या कडेला पट्टी चिकटवणारी) अजून नसेल तर माझ्या हिशोबाने पैसे आधी तिकडे घाला.

आता जाळीसाठी घ्यायचीच असेल तर. पहिला प्रश्न वर्षाचा नाही, या मशीनवर आत्तापर्यंत काय कापलं हा आहे. मालक लाकूडच कापलं म्हणेल. तुम्ही गॅन्ट्रीच्या (स्पिंडल धरून बेडवरून सरकणाऱ्या आडव्या कमानीच्या) खाली हात घाला, ती ज्या रुळांवर सरकते त्या लिनियर गाईडच्या ब्लॉकच्या कडेला जुनं ग्रीस साचलेलं असतं ते बोटावर घ्या आणि दोन बोटांत चोळा. तपकिरी मऊ भुसा निघाला तर एमडीएफ-प्लाय, चालेल. पांढरं आणि करकरीत लागलं तर तिच्यावर मार्बल किंवा कोरियन (ओट्याला वापरतात तो कृत्रिम शीट) झालंय, त्यातली मार्बलची पावडर ब्लॉकच्या आतले बॉल खाऊन टाकते. ग्रीस काळपट राखाडी चमकतंय म्हणजे लोखंडच झिजतंय. मग गॅन्ट्री हाताने धरून आडवी हलवा, स्पिंडलची प्लेट धरून वर-खाली हलवा, खटखट आली तर ती नुसता बोल्ट आवळून जाईल का ब्लॉक बदलावे लागतील हे टेक्निशियनलाच विचारा, मालकाला नको.

खाडीच्या बाजूचे गाळे असतील तर रॅकचे (गॅन्ट्री पुढे-मागे ढकलणाऱ्या दातेरी पट्टीचे) दात पण बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मशीन बंद ठेवली आणि तेल नाही लावलं की गंज चढतोच. वरचा गंज पुसून निघतो, खड्डे पडले असतील तर नाही.

लोखंडी बॉडी सहसा दगा देत नाही, दगा देतं इलेक्ट्रॉनिक्स आणि त्या मशीनचं मला सगळ्यात जास्त टेन्शन तेच आहे. एनसीस्टुडिओचं जुनं कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसतं, आणि नवीन मदरबोर्डला तो स्लॉट बहुतेक येतच नाही. म्हणजे तो धुळीने भरलेला पीसी गेला की तुम्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडला तसला जुना बोर्ड शोधत फिरणार आणि तोपर्यंत मशीन उभी. त्या पीसीवर आर्टकॅम (डिझाईनची फाईल बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून देतो म्हणेल, तर ते सॉफ्टवेअर ऑटोडेस्कने २०१८ मध्येच बंद केलंय, आणि असं फुकट मिळणारं बहुतेक क्रॅकच असतं, त्याची किंमत शून्य धरा. कंट्रोलर बदलून पेनड्राईव्हवर चालणारा डीएसपी हँडल (पीसीशिवाय मशीन चालवणारा हातातला कंट्रोलर) बसवता येतो, मी स्वतः तेच केलं असतं, पण तो खर्च, वायरिंगवाला, नवीन केबल, हे सगळं आजच कोटेशन घेऊन पावणेतीनमधून वजा करा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा.

बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा की मशीन सकाळपासून बंद ठेवा, गार असतानाच बघायचीय. गरम मशीनवर स्पिंडलचा आवाज कळत नाही. हळूहळू २४००० आरपीएमला न्या, शिट्टीसारखा आवाज ठीक, खरखर किंवा मधेच आवाज बदलणं म्हणजे बेअरिंग. अर्धा तास चालू द्या, मग स्पिंडलच्या बॉडीला हात लावून बघा, वॉटर कूल असून हात ठेववत नसेल तर पंप किंवा नळी चोक आहे, टाकीत डोकावा, हिरवं शेवाळ दिसलं की समजा कोणी लक्षच दिलेलं नाही. टेक्निशियनकडे डायल गेज असेल तर कोलेटमध्ये (स्पिंडलच्या बिट धरणाऱ्या तोंडात) सरळ शँक लावून रनआऊट, म्हणजे फिरताना ती किती डगमगते ते बघून घ्या, ०.०२ एमएमच्या वर गेला की बारीक बिट तुटत राहणार.

तुमची स्वतःची फाईल आणि स्वतःची शीट घेऊन जा, त्याचा डेमो बघू नका, तो फुलाचा डेमो त्याने शंभर वेळा केलेला असतो. १२०० बाय २४०० चा चौकोन काढायला लावा आणि दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही २६८३ एमएमच्या आसपास आणि एकमेकांसारखे आले पाहिजेत. तीन-चार एमएमचा फरक म्हणजे गॅन्ट्री तिरकी चालतेय. त्यानंतर तासाभराची जाळी टाका आणि संपल्यावर झीरोला परत बोलवा. सुरुवातीला झीरोवर मार्क केलेला असतो तिथेच टोक आलं पाहिजे, झेडला (वर-खालच्या उंचीला) टोकाखाली कागद सरकवून बघा. गॅन्ट्री हलवणाऱ्या साध्या स्टेपर मोटरची गोम हीच, स्टेप चुकली तरी अलार्म देत नाही, नुसतं काम वाकडं करून ठेवते.

कागदपत्रांचं थोडं. जीएसटी बिल मागा, आणि मशीन बँकेच्या लोनवर घेतलेली असेल तर हायपोथिकेशन (मशीनवरचं बँकेचं तारण) उतरल्याचं पत्र बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, कारण असं लोन अडकलेलं असतं तेव्हाच मशीन घाईत निघते. तुमच्या गाळ्याचं थ्री फेजचं सँक्शन लोड महावितरणच्या बिलावर लिहिलेलं असतं, स्पिंडल, मोटर आणि डस्ट कलेक्टर मिळून त्यात बसतंय का ते आत्ताच बघा. अर्थिंग वेगळी करून घ्या, नाहीतर व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राईव्हच्या) नॉइजने कंट्रोलर मधेच अडकतो आणि तुम्ही दोष मशीनला देता.

हायड्रा (क्रेन), टेम्पो, आणि गाळा वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टचं माप हे सगळं सौदा ठरायच्या आधी. शिफ्टिंगमध्ये बॉडी थोडी हललेली असतेच, म्हणून लेव्हल करून झाल्यावर कर्णाची टेस्ट तुमच्याकडे परत घ्या, आणि निदान पंचवीस हजार तोपर्यंत हातात ठेवा, मालक तयार नसेल तर तेही बोलणी करतानाच कळू द्या.