सोळा दिवस मोजताना

अगं,

तुझा पहाटे तीनचा मेसेज आत्ता चहा घेताना वाचला. रात्रभर अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाची बिलं करायची, तर माझ्या बी. फार्म.चं काय लोणचं घालू, असं विचारलंयस. घाल की. आरपीएमच्या, म्हणजे घरच्या यंत्रावरून रुग्णावर दुरून ठेवलेल्या देखरेखीच्या, बिलिंगमध्ये ते रोज वाढावं लागतं.

साध्या व्हिजिटचं बिल करताना डॉक्टरांची नोट नीट वाचली की भागतं. इथे रुग्ण त्याच्या घरी, यंत्र त्याच्या दंडावर, रीडिंग कुठल्याशा सर्व्हरवर, नर्सची मिनिटं तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये. हे सगळं एका जागी ठेवून बघणारं माणूस बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते पुण्यात रात्रपाळीला बसलेलं असतं.

चार कोड, म्हणजे बिलात प्रत्येक सेवेपुढे लावायचे नंबर, तुला ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलेच असतील. ९९४५३ सुरुवातीला एकदाच, यंत्र लावून देण्याचा आणि शिकवण्याचा. ९९४५४ यंत्राचा, तीस दिवसांत किमान सोळा दिवस रीडिंग आलं तर. ९९४५७ महिन्यात रुग्णाच्या देखरेखीवर घालवलेल्या पहिल्या वीस मिनिटांचा, ९९४५८ पुढच्या प्रत्येक वीस मिनिटांचा. पाठ असून उपयोग नाही, कारण घोळ कोडमध्ये नसतो, मोजण्यात असतो. यंत्राचे तीस दिवस वेगळे आणि मिनिटांचा कॅलेंडर महिना वेगळा. दोन्ही एकाच तारखेला सुरू होतात असं धरून चालणारी माणसं मी दर बॅचला पाहिली आहेत.

माझीच गोष्ट सांगते. २०२१ साल. एका क्लायंटकडून, म्हणजे ज्याची बिलं आम्ही करायचो त्या दवाखान्याकडून, दर महिन्याला एक्सेल यायची, तिच्यात ‘काउंट’ नावाचा रकाना. एका बाईंच्या नावापुढे अठरा. सोळाच्या वर आहे ना, मग लावला ९९४५४ आणि पुढची ओळ. दोन महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला. मेडिकेअर म्हणजे अमेरिकन सरकारचा मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीचा आरोग्य विमा; त्याच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या सेवेच्या भागात, वीस टक्के हिस्सा रुग्णाच्या माथी असतो, त्याचं बिल त्यांच्या घरी गेलं होतं. त्या म्हणाल्या, मी दहा तारखेलाच लेकीकडे गेले, यंत्र घरी कपाटात होतं, मग महिनाभराचे पैसे कसले? मी कच्चा डेटा उघडला. अठरा रीडिंग होती, सकाळ-संध्याकाळ, नऊ दिवसांची. रकान्यात दिवस नव्हतेच, रीडिंग होती. कुणीही विचारलं नव्हतं, मीही नाही.

टीम लीड म्हणाला, एवढ्याशा रकमेसाठी कशाला उकरतेस. पण जास्तीचे पैसे आलेत हे कळल्यावर ते ठरावीक मुदतीत मेडिकेअरला परत करावे लागतात. कळून गप्प बसणं हा वेगळाच गुन्हा, त्याला तिप्पट नुकसानभरपाईचा कायदा आहे. त्या क्लायंटच्या सगळ्या ओळी पुन्हा मोजल्या. शनिवार-रविवार गेला. क्लायंट चिडला, मग त्यानेच रकान्याचं नाव बदललं.

आज त्या नऊ दिवसांचं बिल झालं असतं. १ जानेवारी २०२६ पासून ९९४४५ आलाय, दोन ते पंधरा दिवसांसाठी. आणि दहा ते एकोणीस मिनिटांसाठी ९९४७०. त्यामुळे मोजणी सोपी झाली असं ऑफिसात म्हणतील. मला तसं वाटत नाही. आधी ‘लागतो की नाही’ एवढाच प्रश्न होता, आता ‘दोघांपैकी कुठला’ हाही आहे. आणि खासगी विमा कंपन्या मेडिकेअरच्या मागोमाग चालतीलच असं नाही. प्रत्येक पेअरची, म्हणजे बिलाचे पैसे देणाऱ्या विम्याची, पॉलिसी काढून बघ, मगच क्लेम सोड.

मिनिटांबद्दल. एखाद्या प्रॅक्टिसच्या, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याच्या, झाडून सगळ्या रुग्णांपुढे बरोब्बर वीस मिनिटं दिसली की थांब. माणसं तशी बोलत नाहीत. कुणी सात मिनिटांत आवरतं, कुणी नातवाच्या लग्नापर्यंत पोचतं. रुग्णाशी प्रत्यक्ष बोलणं झालंय का ते शोध. व्हॉइसमेल ठेवला म्हणजे बोलणं नव्हे. आणि ती मिनिटं कुणाची? देशाबाहेर दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर देत नाही. म्हणजे बिल तू इथे बसून करू शकतेस, पण इथल्या नर्सने फोनवर घालवलेली वीस मिनिटं त्या बिलात बसत नाहीत. हे दोन्ही धंदे एकाच मजल्यावर चालत असतील तर डोळे उघडे ठेव.

वरचे लोक बघत नाहीत, या समजात राहू नकोस. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. मेडिकेअरचा आरपीएमवरचा खर्च २०१९ मध्ये दीड कोटी डॉलर होता, २०२२ मध्ये तीस कोटींच्या वर गेला. आणि ज्यांच्या नावाने ही बिलं झाली त्यांतल्या सुमारे ४३ टक्के लोकांना शिकवणं, यंत्र आणि उपचारांची देखरेख या तिन्हींपैकी निदान एक तरी भाग मिळालाच नव्हता.

तुझ्या कंपनीला क्लायंट वसुलीवर टक्का देतो की महिन्याला ठरावीक रक्कम, हेही हळूच विचारून ठेव. टक्का असेल तर ‘अजून एक कोड बसतो का बघ’ हे वाक्य तुला रोज ऐकू येणार. (न्यूयॉर्क राज्यात डॉक्टरांकडून असा टक्का घेणं चालतच नाही, तो फीमधला वाटा समजतात.) बसत असेल तर जरूर लाव, गाळलेला कोड हेही चुकीचंच बिल. बसत नसेल तर तोंडी नाही म्हणू नकोस, मेल कर. रुग्णाचं नाव न घालता, क्लेम नंबरावर.

‘सीओ-१६’चे डिनायल, म्हणजे माहिती अपुरी किंवा चुकीची म्हणून नाकारलेली बिलं, कसे सोडवायचे विचारलं होतंस, ते लिहून नाही समजणार. रविवारी दुपारी घरी ये. येताना क्लायंटचा कुठलाही कागद किंवा स्क्रीनचा फोटो आणू नकोस, मी कोऱ्या कागदावर काढून दाखवते. आणि जेवून येऊ नकोस.

ताई